तारनाका बंदर

शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडण्याची आवड समुद्राकाठच्या माणसांत उपजत असते आणि आतल्या मुलखात जावे तसतशी ती आटत जाते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. परंतु प्रत्यक्ष पाहणीत त्याला फारसा आधार सापडत नाही. कोकण किनाऱ्यावरचा एखादा मुरलेला तांडेल, म्हणजे ज्याच्या हुकमाने होडीचा सगळा कारभार चालतो तो प्रमुख, फावल्या वेळी समुद्राकडे पाठ करून पत्ते पिसताना आढळतो, आणि कामधंदा नसताना केवळ मौजेखातर पाण्यावर जाऊ या असे त्याला कोणी सुचवलेच, तर तो सुचवणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करतो. समुद्र हे त्याचे कार्यालय असते, आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालयात जाऊन बसण्याची हौस जगात फारच थोड्यांना असते. शिडाच्या सफरीचा खरा शौकीन तयार होण्यासाठी समुद्रापासून भरपूर अंतर लागते, आणि त्या दृष्टीने तारनाक्याइतकी सोयीची जागा दख्खनच्या पठारावर क्वचितच मिळेल.

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जोडशहरांच्या पूर्वेच्या अंगाला, उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराला लागून असलेली ही वस्ती समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. जवळचा म्हणावा असा समुद्र मछलीपट्टणला, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर, आणि मराठी माणूस मनातून ज्याला समुद्र मानतो तो कोकणचा समुद्र त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे. वस्तीत रेल्वेचे नोकरदार व निवृत्त, विद्यापीठाचे अध्यापक आणि उप्पल रस्त्यावरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ यांचा भरणा असल्यामुळे येथील मराठी घरांतही कामाला वेळापत्रक, विलंबाला कारण आणि कारणाला तीन प्रती लागतात. शिडाची होडी ही या तिन्हींतून एकदम सुटका असते, कारण तिला निघण्याची वेळ असली तरी पोचण्याची नसते, आणि न पोचल्याचा सगळा दोष वाऱ्यावर टाकता येतो, ज्याला मेमो देता येत नाही. या सफरीच्या सुखाविषयी आजवर जे काही लिहिले गेले आहे त्यात सूर्यास्त, सागरपक्षी आणि लाटांचे संगीत यांना अवाजवी जागा मिळाली असून, विनाचौकशी उशीर करण्याच्या या मूलभूत सुखाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

ज्या गावाला किनाराच नाही त्याने समुद्राविषयी बोलावे काय, अशी शंका रत्नागिरीकडचे नातेवाईक दर उन्हाळ्यात काढतात, आणि तारनाक्याकडे तिचे शासकीय उत्तर तयार असते. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इन्कॉइस’ म्हणतात, ते १९९९ मध्ये स्थापन झाले आणि ते मुंबईत, कोचीत किंवा विशाखापट्टणमला नसून हैदराबादेतल्या प्रगतीनगरात आहे. उपग्रहांनी टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासळी कोठे गोळा झाली असावी याचा अंदाज हे केंद्र बांधते, लाटांची उंची व वाऱ्याचा जोर आगाऊ सांगते, आणि २००७ पासून त्सुनामीचा इशारा देण्याचे कामही तेथूनच चालते. उन्हाळ्यात, किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूक नसतानाही, दक्षिणेकडच्या दूरच्या महासागरात उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून केरळच्या वाड्यावस्त्यांत घुसतात, तेव्हा त्यांची वर्दी त्या पोचण्याआधी हैदराबादेत लागलेली असते. मालवणच्या मच्छीमाराला त्याच्याच दारातल्या समुद्राची खबर पठारावरून मिळते हे एकदा मान्य केले की मग तारनाक्याच्या गच्चीवरून त्याला चार सूचना अधिक गेल्या तर बिघडत नाही, असा येथील मंडळींचा युक्तिवाद आहे. प्रगतीनगर शहराच्या दुसऱ्या टोकाला असून संध्याकाळच्या रहदारीत तेथे पोचायला मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीपेक्षा अधिक वेळ लागतो, ही गोष्ट या युक्तिवादात सहसा येत नाही.

इतिहासाचा कौलही पठाराच्याच बाजूने पडतो. अजिंठ्याच्या लेण्यांत प्राचीन भारतीय जहाजाचे जे प्रसिद्ध भित्तिचित्र आहे ते समुद्रापासून कित्येक मुक्काम दूर, घाटमाथ्याच्या आत काढलेले आहे. ही लेणी पुढे निजामाच्या राज्यात होती आणि १९१४ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून तज्ज्ञ आणवून त्या चित्रांची डागडुजी करवली. याच जहाजाच्या चित्रावरून, लोखंडी खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे इंजिन नसलेले शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, त्यांतल्या ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे हे मराठी, हे तर तारनाक्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आणि हैदराबादकर अधिक मराठी या बेरजेतून जे उत्तर येते ते आपणच, असा निष्कर्ष काढायला तेथे कोणी विलंब लावत नाही.

तारनाक्याची कोकण किनाऱ्यावरची सफर उन्हाळ्यातच का, हा प्रश्न वरवर पाहता हवामानाचा आणि वस्तुतः कागदपत्रांचा आहे. तेलंगणातल्या शाळा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात मिटतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. महाराष्ट्रात तर लहान प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मेपासूनच ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात. या सगळ्या तारखांतून आतेभावाच्या मुलीचे लग्न, घरच्या कैरीच्या लोणच्याचे दिवस आणि शास्त्रज्ञ जावयाची परिषद वजा केली की मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवस शिल्लक राहतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडत असल्यामुळे त्या चार दिवसांतला वारा मार्चमध्येच गृहीत धरावा लागतो, आणि आरक्षणाच्या पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता घरातले तीन मोबाइल आणि एक संगणक एकाच वेळी कामाला लावून हे कार्य उरकले जाते. एवढ्या शिस्तीने आखलेला बेशिस्तीचा कार्यक्रम अन्यत्र पाहायला मिळत नाही.

तयारीचा शास्त्रीय भाग हुसेनसागरावर पार पडतो. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास बांधलेल्या या तलावावर शिडाच्या होड्यांचा खेळ बरीच वर्षे चालू असून, लष्कराच्या ‘ईएमई’ विभागाची नौकानयन संस्था, सिकंदराबादचा सेलिंग क्लब आणि शहराचा यॉट क्लब यांनी तो जोपासला आहे; पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेचा वारा जोर धरतो तेव्हा देशभरातले स्पर्धक येथे जमतात, आणि अलीकडे सरकारी शाळांतली मुलेही या खेळात नाव काढू लागली आहेत. लहानांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी जेमतेम सव्वादोन मीटर लांबीची, चौकोनी तोंडाची असते, तर मोठ्यांच्या ‘लेझर’ या सव्वाचार मीटरच्या होडीत एकच माणूस आणि सुमारे सात चौरस मीटरचे एकच शीड असते. एकच माणूस ही अट तारनाक्याच्या कुटुंबव्यवस्थेला मुळातच जाचक आहे. मुलगा होडीत बसतो, हे खरे; परंतु वडील, आजोबा आणि इंदूरहून सुट्टीला आलेले मामा तलावाच्या बांधाच्या, म्हणजे टँकबंडाच्या, कठड्यावर उभे राहून होडी चालवतात, आणि तलावातल्या बुद्धमूर्तीच्या पलीकडे गेलेल्या मुलाला ‘अरे, डावीकडे घे, डावीकडे’ हा आदेश ऐकू जात नाही याचे खापर क्लबच्या प्रशिक्षकांवर फोडले जाते. उन्हाळ्यात तलावाच्या काही काठांना जो वास येतो त्याचाही उपयोग होतो, कारण तो सोसलेल्या माणसाला पुढे मुंबईच्या ससून डॉकवरच्या मासळीच्या वासाचे काही वाटत नाही.

शिधा हा या सफरीतला सर्वांत गंभीर विभाग आहे. राष्ट्रीय पोषण संस्था तारनाक्यातच असून माणसाने दिवसाला पाच ग्रॅमांहून अधिक मीठ खाऊ नये असे तिचे सांगणे आहे. संस्थेच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरांतून चार दिवसांच्या सफरीसाठी जे सामान बांधले जाते त्याकडे पाहिल्यास, समुद्रात मीठ मिळणार नाही अशी कोणाची तरी समजूत असावी असे वाटते. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा ही मराठवाड्याहून आलेली मूळ परंपरा. तिच्यावर शेजारच्या तेलुगू घरांतून आलेली गोंगुऱ्याची चटणी आणि नुकतीच घातलेली आवकाय, म्हणजे मोहरीची पूड, तिखट आणि तेल यांत मुरवलेल्या कैरीच्या फोडींचे आंध्री लोणचे, यांचे दोन थर चढलेले असतात. आवकायच्या बरणीचे झाकण आधी फडक्याने, मग प्लास्टिकच्या पिशवीने, मग तीन रबरांनी आणि शेवटी ‘आडवी ठेवू नका’ या चिठ्ठीने बंद केले जाते. तिचे तेल तरीही गुलबर्ग्याच्या आसपास चिठ्ठीपर्यंत पोचते, सोलापूरच्या सुमारास चिठ्ठीवरची अक्षरे विरघळवते, आणि होडीवर पाऊल पडेपर्यंत शुभ्र शिडाच्या गुंडाळीवर एक तांबूस बेट उमटवून मोकळे होते. तांडेल त्या डागाकडे पाहतो, बोट लावून चाखतो आणि बरणी कोणाची आहे याची चौकशी करतो. दुपारी त्याच्या भाताबरोबर ती अर्धी झालेली असते आणि डागाचा विषय पुन्हा निघत नाही.

पूर्वीच्या पिढीला या प्रवासासाठी एवढी आखणी करावी लागत नसे, कारण किनाऱ्याने जाणे ही हौस नसून सोय होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत पणजीकडे जाई, अनेक ठिकाणी ती भर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांत, म्हणजे धक्क्यापर्यंत नेणाऱ्या मोठ्या होड्यांत, ट्रंका-पोरांसह उतरवले जाई. रस्ते झाले तशी ती बंद पडली. तारनाक्यातल्या एखाद्या घरात ऐंशीच्या पुढच्या आत्याबाई असतात, ज्यांनी हा प्रवास लहानपणी केलेला असतो आणि ज्यांना त्याबद्दल विचारले असता बोटीच्या टोकाला मिळणारी मोक्याची जागा आणि शेजारच्या बाईची हरवलेली पिशवी एवढेच आठवते. सफरीच्या मंडळात त्यांचा समावेश आग्रहाने केला जातो. पुढे दिसून येते की होडीवर काय करावे हे सगळ्या मंडळात त्यांनाच ठाऊक असते, आणि ते म्हणजे एक चांगली जागा पकडून तिथून न हलणे.

आता प्रत्यक्ष सफर. मुंबईहून मुरूडपर्यंत किनाऱ्याने साधारण पस्तीस सागरी मैल पडतात. सागरी मैल हा १.८५२ किलोमीटरांचा असतो आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. बऱ्या वाऱ्यात भाड्याची शिडाची होडी पाच नॉटने जाते, म्हणजे सात तासांत मुरूड, असा हिशेब मंडळातले रेल्वेवाले काका धक्क्यावरच मांडतात आणि तांडेलाकडे संमतीसाठी पाहतात. तांडेल आकाशाकडे पाहतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारे वाहतात, त्यांना मतलई वारे म्हणतात. दिवसा जमीन तापली की वारा उलट, समुद्राकडून जमिनीकडे येतो, त्याला खारे वारे म्हणतात. या दोघांच्या पाळ्या बदलताना मध्ये जो काळ जातो त्यात कोणीही कामावर नसते. शालेय भूगोलाच्या पुस्तकात मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांची आकृती असते, या मधल्या काळाची नसते. सफरीतले जे काही सुख आहे ते नेमके त्यातच साठलेले असल्यामुळे अभ्यासक्रमातली ही उणीव गंभीर म्हटली पाहिजे.

वारा पडतो तो सकाळी दहाच्या सुमारास, बहुधा चौलच्या समोर. शीड आधी एकदा फडफडते, मग लोंबू लागते. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आपटणारे पाणी गप्प होते आणि चिवड्याचा डबा उघडल्याचा आवाज सर्वांना ऐकू येतो. पहिली दहा मिनिटे काका घड्याळ पाहतात. पुढची वीस मिनिटे ते विलंबाची कारणे विचारतात, आणि त्यांना कळते की कारण एकच आहे व ते सगळ्यांना दिसते आहे, किंबहुना दिसत नाही. ‘इंजिन लावता येईल ना?’ हा प्रश्न येतो. होडीला लहानसे इंजिन असते, पण शिडाची सफर म्हणून पैसे मोजल्यावर ते लावणे हा पराभव मानला जातो, आणि डिझेलचे पैसे निराळे पडतात हे कळल्यावर तर तत्त्वनिष्ठा फारच पक्की होते. ‘किती वाजता पोचू, तांडेल?’ याला ‘वारा येल तवा जाऊ, काका,’ एवढेच उत्तर मिळते. ज्या माणसाने चौतीस वर्षे गाड्या का उशिरा धावल्या याचे खुलासे लिहिले, त्याच्या चेहऱ्यावर या उत्तरानंतर जो भाव हळूहळू पसरतो त्याची तुलना सासरहून आलेल्या लेकीने माहेरच्या ओसरीवर अंग टाकण्याशीच करता येईल. अर्ध्या तासाने काकांचे घड्याळ खिशात गेलेले असते, तासाने ते आडवे झालेले असतात, आणि दीड तासाने वारा आलाच तर ‘इतक्यात?’ असे म्हणणारा पहिला आवाज त्यांचाच असतो.

या निवांतपणाला एकच गोष्ट नख लावते, ती म्हणजे बोट लागणे. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियांना हालचाल जाणवते आणि होडीच्या पोटात बसून मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. या दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही म्हणून मेंदू गोंधळतो आणि त्याची शिक्षा पोटाला होते. उपाय म्हणून वर येऊन क्षितिजाकडे पाहावे असे सांगितले जाते. मंडळातल्या जीवशास्त्रज्ञ वहिनी हे कारण आलेपाकाच्या वड्या वाटत सविस्तर समजावून देतात, आणि स्पष्टीकरण पुरे होण्याआधी सर्वप्रथम त्यांनाच कडेला जावे लागते, यामुळे विज्ञानाची प्रतिष्ठा कमी होत नसली तरी घरगुती उपाय म्हणून आवळासुपारीची वाढते. लाटांविषयीच्या ज्ञानाचेही असेच उलटते. समुद्राच्या अंदाजात लाटांची ‘लक्षणीय उंची’ दिलेली असते, म्हणजे सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी. जावईबापूंनी मोबाइलवर पाहून ती एक मीटर असल्याचे जाहीर केले की सगळे निर्धास्त होतात, आणि सरासरी असल्यामुळे एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही असू शकते, हे त्यांनी प्रामाणिकपणे जोडले की लाइफ जॅकेटांचे पट्टे पुन्हा आवळले जातात. हैदराबादहून निघालेली माहिती अशा रीतीने हैदराबादकरांनाच घाबरवून परत जाते.

जलदुर्गांचे सुख हे वक्त्याचे असते, श्रोत्याचे नसते. मुंबईच्या दक्षिणेला थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे लागतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बांधायला घेतली आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले, त्यामुळे कोणते बेट कोणाचे, हा घोळ तेव्हापासून चालू आहे. दीपगृह असलेली ती खांदेरी, एवढी खूण पुरेशी आहे. तेथे वेताळाचे देऊळ आहे, दगडाने वाजवला असता धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे, बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. मंडळातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक ही सगळी माहिती उंदेरीकडे बोट दाखवून सांगतात. तांडेल दोन्ही बेटांना रोज ओलांडत असल्यामुळे त्याच्या लक्षात ही गोष्ट येते, पण तो आधी सुकाणूकडे, मग प्राध्यापकांकडे पाहतो आणि होडीच जराशी वळवून त्यांचे बोट खांदेरीवर आणून ठेवतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येण्यासारखा आहे हे ऐकल्यावर मात्र मंडळात चुळबुळ होते, कारण ज्या किल्ल्याला पायी जाता येते तो होडीतून पाहण्यात पैसे वाया गेल्याची भावना मराठी मनात खोलवर असते.

जाताना वायव्येचा खारा वारा पाठीशी असल्यामुळे कौशल्याची गरज पडत नाही. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक वळणावर शिडाच्या तळाशी बांधलेला आडवा वासा, ज्याला बूम म्हणतात, होडीच्या या अंगावरून त्या अंगावर सपकन फिरतो. त्याच्या वाटेतल्या प्रत्येक डोक्याला त्या क्षणी खाली जावे लागते, मग ते डोके विभागप्रमुखाचे असो की त्याच्या शिपायाचे; अनेक वर्षांच्या नोकरीत कोणापुढे मान न तुकवल्याचे सांगणारी माणसे एका दुपारीत वीसवीस वेळा तुकवतात आणि वर हसतात. वळण घ्यायच्या आधी तांडेल ‘डोकी सांभाळा’ असे ओरडतो. मंडळ लोकशाही मानणारे असल्यामुळे वळण आत्ताच घ्यावे की रेवदंड्याचा पूल दिसल्यावर, यावर दोन मते पडतात, चर्चा सुरू होते, आणि चर्चेच्या ऐन भरात बूम फिरून ठराव मंजूर करून टाकतो. आत्याबाई तेवढ्या जागच्या हलत नाहीत, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी अशी जागा शोधलेली असते जिथे बूम पोचत नाही, ऊन लागत नाही आणि चिवड्याचा डबा हाताशी येतो.

अशा नागमोडी चालीने सरळ रेषेतले अंतर दीडपटीकडे झुकते, संध्याकाळचे मुक्कामाचे ठिकाण दुसऱ्या दिवशी सकाळी येते, आणि याबद्दल कोणाचीही काडीची तक्रार नसते. रात्री मांडव्याजवळच्या आडोशाला नांगर टाकलेल्या होडीत तांडेलाच्या हातचे बोंबील आणि उरलेली आवकाय यांवर जेवण उरकते. शाकाहारी मंडळी दशम्यांवर भागवतात, निदान दिवा चालू असेपर्यंत तरी. समोर मुंबईचे दिवे दिसत असतात, तेथे पोचायला तासभर पुरेल हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही सकाळच्या मतलई वाऱ्याची वाट पाहावी असा ठराव एकमताने होतो. चार दिवसांतला तो एकमेव एकमताचा ठराव असतो.

पुढे मुंबईहून सुटलेली गाडी रात्र काढून तेलंगणात शिरते आणि सिकंदराबाद अगदी हाताशी आलेले असताना सिग्नलसाठी उभी राहते. पाच मिनिटांत काका दारात येतात, दहा मिनिटांत घड्याळ खिशातून मनगटावर परत आलेले असते, पंधरा मिनिटांत त्यांनी पुढच्या तीन गाड्यांची स्थिती मोबाइलवर काढून विलंबाच्या कारणांची यादी केलेली असते आणि विसाव्या मिनिटाला तक्रारीचा मसुदा, संदर्भ क्रमांकाची जागा मोकळी सोडून, आकार घेऊ लागतो. चौलच्या समोर दीड तास जागचे न हलल्याबद्दल ज्यांनी ब्र काढला नव्हता त्या काकांकडे खालच्या बर्थवरच्या आत्याबाई काही वेळ पाहत राहतात आणि मग विचारतात, “काय रे, वारा पडला का?” मसुदा तिथे थांबतो. गाडी आणखी बारा मिनिटे हलत नाही, आणि त्या अवधीत चिवड्याचा डबा शेवटचा उघडला जातो.